चार दिव्यांची रचना

हाताने बांधलेल्या गाडीचं कौतुक बहुधा इंजिन, रंग आणि टायर यांच्यापाशीच थांबतं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून घडवलेली छोटी जीप डिसेंबर २०२१मध्ये देशभर गाजली आणि जानेवारी २०२२मध्ये तिच्या बदल्यात उद्योगपती आनंद महिंद्रांकडून त्यांना बोलेरो मिळाली. अशी गाडी पाहताना नजर किकने सुरू होणाऱ्या इंजिनावरच खिळते. डॅशबोर्डमागच्या तारांकडे सहसा कुणी पाहत नाही. त्या तारांतला इंडिकेटर आणि हॅझर्डचा भाग एखाद्या कवितेसारखा ओळीओळीने वाचावा असा आहे.

त्याचं मोल कळतं ते रस्त्यावर. भंडारा जिल्ह्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ घ्या. नागपूर-रायपूरची जड वाहतूक भंडारा, लाखनी, साकोली ओलांडत पुढे जाते. हंगामात तिच्यात धानाच्या ट्रॉल्या मिसळतात आणि साकोलीनंतर नवेगाव-नागझिऱ्याच्या पट्ट्यातलं जंगल लागतं. बंद पडलेल्या ट्रकमागे दगड आणि झाडाच्या फांद्या मांडायची रीत आपल्याकडे जुनी आहे. मागून येणाऱ्याला सावध करायची तीच गरज हॅझर्डचं बटण चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवून भागवतं.

आता रचना पाहू. पात्रं मोजकी आहेत: बॅटरी, फ्यूज, फ्लॅशर, स्टीअरिंगखालचा स्विच, चार कोपऱ्यांतले चार पिवळे दिवे आणि बॉडीतून परत येणारी अर्थिंगची वाट. चावी फिरवली की फ्यूजमधून करंट फ्लॅशरपर्यंत येतो. तिथून तो तुटक होऊन स्विचकडे जातो आणि स्विच त्याला डावीकडे किंवा उजवीकडे पाठवतो. ही लय कुणाच्या मर्जीची नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतला १०२वा नियम मिनिटाला किमान ६० आणि कमाल १२० उघडझाप सांगतो. जुन्या फ्लॅशरमध्ये ती लय उष्णतेतून जन्मते. करंटने आतली धातूची पट्टी तापते, वाकते, संपर्क बदलतो. थंड झाली की ती पुन्हा जागेवर येते. दिव्यांनी ओढलेला करंटच तिला चालवतो. म्हणून एक बल्ब उडाला की चाल बिघडते आणि टिकटिक ऐकूनच चालकाला दोष कळतो.

खरी प्रतिभा हॅझर्डच्या स्विचमध्ये आहे. ‘मी वळतोय’ आणि ‘मी अडकलोय’ ही दोन अगदी वेगळी विधानं त्याच चार दिव्यांनी करायची आहेत. शिवाय दुसरं विधान चावी बंद असतानाही करता आलं पाहिजे. त्यासाठी बटण एका दाबात तीन कामं करतं. फ्लॅशरला चावीकडून येणारी वाट ते तोडतं. बॅटरीवरून वेगळ्या फ्यूजमार्गे आलेली तार त्याला देतं. मग फ्लॅशरची बाहेर जाणारी तार डाव्या आणि उजव्या बाजूला एकत्र जोडतं. घाईत वायरिंग करणारा पहिलं काम गाळतो, कारण दिवे तर तरीही लागतात. पण मग बॅटरीचा करंट उलटा चावीच्या वाटेत शिरतो आणि चावी खिशात असताना वायपर, मीटर, कॉइल यांना जागं करतो. जोडण्याआधी तोडायचं, हा या रचनेतला सर्वांत सुंदर विचार आहे.

आकड्यांतही तोल आहे. २१ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर घेतात आणि हॅझर्डमध्ये चार बल्ब सात अँपिअर. म्हणून फ्लॅशर, तार आणि फ्यूज निवडायचे ते सातच्या हिशेबाने. संकट हीच या रचनेची मोजपट्टी आहे.

डॅशबोर्डवरचा एकुलता बाण तर मला विशेष आवडतो. जुन्या गाड्यांत त्याचा छोटा बल्ब डाव्या आणि उजव्या तारेच्या मध्ये बसवत. डावा इंडिकेटर लागला की त्या बल्बमधून गेलेला करंट उजवीकडच्या विझलेल्या दिव्यांतून अर्थला पोचतो. उजवा लागला की हीच वाट उलटी. गप्प बसलेली बाजूही इथे कामाला आहे. एलईडी लावले की मात्र हे गणित मोडतं. बाणाच्या बल्बमधून येणाऱ्या थोड्या करंटवरही उलट बाजू मिणमिणते आणि कमी भार पाहून जुना फ्लॅशर बल्ब उडाल्यासारखा वागतो. उपाय म्हणजे दोन डायोड आणि स्वतःची अर्थची तार असलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर. नुसता रेझिस्टर जोडून करंट वाढवणं म्हणजे उष्णता विकत घेणं.

शेवटी अर्थिंग. भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो आणि तारेच्या टोकाचं टर्मिनलही बहुधा पितळीच असतं. ते टिकतं, पण ज्या पत्र्याला ते कसलं तो पावसाळ्यात गंजतो. रंगावरच बोल्ट आवळला, तर मागच्या इंडिकेटरचा करंट शेजारच्या टेललॅम्पमधून परतीची वाट शोधतो आणि वळायच्या दिव्याबरोबर तोही मंद लुकलुकतो. रंग खरवडून, उघड्या लोखंडावर जोड घट्ट करून वर ग्रीस लावणारा वायरमन या रचनेचा खरा वाचक.

गाडी बांधून झाली की पहिली चाचणी हीच घ्यावी. चावी काढा, बटण दाबा, चारही कोपऱ्यांत फिरून पाहा आणि डॅशबोर्डवर दुसरं काहीही जागं झालेलं नाही ना, याची खात्री करा. इंजिनातली ताकद मालकासाठी असते. हे वायरिंग मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी केलेलं असतं, म्हणून गाडी बांधणाऱ्याची कारागिरी मी आधी इथे तपासेन.