बॅकअप घेतलाय ना? मग एक फाइल परत आणून दाखवा



मागच्या लेखात वैधता आणि विश्वसनीयता यांतला फरक बघितला होता. नेटच्या पेपर एकसाठी आपण या व्याख्या घोकतो, परीक्षा झाली की विसरतो. आज त्याच दोन शब्दांनी एक घरगुती वस्तू तपासू या: आपल्या कॉम्प्युटरवरच्या फाइलींचा आपोआप बॅकअप घेणारी सॉफ्टवेअर. विषय कोरडा वाटेल, पण मला तो फार महागात पडलाय. म्हणून आधी ते सांगते.

माझं काम सोलापुरातल्या विडी कामगार बायकांवर आहे. शहराच्या पूर्व भागात आणि कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत जाऊन मी मुलाखती रेकॉर्ड केल्या. तेलुगू आणि मराठी मिसळून बोललेल्या, मागे सुपात पानं कापल्याचा आवाज असलेल्या. सगळ्या लॅपटॉपवर, आणि लॅपटॉपचं ते फोल्डर क्लाउडला जोडलेलं. एके दिवशी लॅपटॉप भरला. ‘वर आहेच की’ म्हणून मी ते फोल्डर उडवलं. दोनेक महिन्यांनी लिप्यंतराला बसले तर वरही काही नाही. कचरापेटीची मुदतही संपलेली.

अकरा मुलाखती होत्या. सात फोनमध्ये सापडल्या. राहिलेल्या चारपैकी तीन मावशी पुन्हा बोलायला तयार झाल्या. चौथ्या मावशी दरम्यान वारल्या होत्या. त्यांच्या लेकीनं विचारलं, “ताई, आईचा आवाज आहे ना तुमच्याकडं? एकदा ऐकवता का?” मी काय उत्तर दिलं ते इथं लिहीत नाही.

यात सॉफ्टवेअरनं चूक केली नव्हती, हे आधी मान्य करू. त्याचं काम दोन्ही जागा सारख्या ठेवणं. इथं उडवलं, त्यानं तिथंही उडवलं. मी सिंकला बॅकअप समजत होते. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर माझी कार्यात्मक व्याख्याच चुकली होती.

परीक्षणं नेमकं काय मोजतात?

त्यानंतर मी बरीच परीक्षणं वाचली आणि व्हिडिओ पाहिले. ‘सर्वोत्तम दहा बॅकअप सॉफ्टवेअर’ या पठडीतली. त्यात तक्ते असतात: किंमत, जागा, वेग, किती उपकरणांवर चालतं, मोबाइल ॲप आहे का. बऱ्याच ठिकाणी खाली खरेदीची लिंक असते, आणि तुम्ही घेतलंत तर लिहिणाऱ्याला कमिशन मिळतं. तेही एक वेळ सोडून देऊ. माझा आक्षेप वेगळा आहे. हे तक्ते बॅकअप *घेणं* मोजतात, आणि आपल्याला हवं असतं ते *परत मिळणं*. वेग दहा वेळा मोजला आणि दहाही वेळा तोच आला, तर मोजमाप विश्वसनीय झालं. वैध झालं का? नाही. जी गोष्ट मोजायची ती मोजलीच नाही.

हे फक्त आपल्यासारख्या घरगुती लोकांचं होतं असंही नाही. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या मोठ्या कंपनीत एका कर्मचाऱ्यानं चुकून मुख्य डेटाबेस पुसला. कंपनीनं स्वतःच जाहीर केलं की बॅकअप आणि प्रतिकृतीच्या पाच पद्धती होत्या, त्यातली एकही नीट चालत नव्हती. एका पद्धतीत तर रोजचा बॅकअप अयशस्वी होत होता, आणि तसं सांगणारे ईमेल पोचतच नव्हते. शेवटी योगायोगानं काही तास आधी काढलेल्या एका प्रतीवरून काम भागलं. तरी सुमारे सहा तासांची माहिती गेलीच.

दुसरं उदाहरण तर आपल्याच क्षेत्रातलं. डिसेंबर 2021 मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर बॅकअपच्याच प्रोग्रॅमनं सुमारे 77 टेराबाइट माहिती पुसून टाकली. जवळपास 3 कोटी 40 लाख फाइली, 14 संशोधन गट. त्यातल्या चार गटांची माहिती परत मिळण्यासारखी नव्हती. म्हणजे राखणदारानंच घर साफ केलं.

माझ्या पाच चाचण्या

म्हणून मी स्वतःसाठी पाच प्रश्न ठरवले. कोणतंही सॉफ्टवेअर घ्या, याच चाळणीतून काढा. आधी एक खोटं फोल्डर तयार करा, त्यात बिनमहत्त्वाच्या वीसेक फाइली टाका. खऱ्या प्रबंधावर प्रयोग करू नका, हात जोडून सांगते.

1. उडवण्याची चाचणी: मूळ फाइल उडवा, आठवडाभर थांबा. प्रत शिल्लक आहे का?

2. बिघडवण्याची चाचणी: फाइल उघडा, निम्मा मजकूर पुसा, सेव्ह करा. कालची आवृत्ती मिळते का? प्रबंधाचं प्रकरण बहुतेक वेळा हरवत नाही, बिघडतं.

3. परक्या घराची चाचणी: मैत्रिणीच्या लॅपटॉपवर फाइल परत आणून दाखवा. तुमचा लॅपटॉप चोरीला गेलाय असं समजा.

4. गप्प बसण्याची चाचणी: हार्ड डिस्क काढून ठेवा, नाहीतर नेट बंद करा. ‘बॅकअप होत नाहीये’ हे सॉफ्टवेअर तुम्हाला किती दिवसांनी सांगतं? गिटलॅब इथंच फसली.

5. विसरण्याची चाचणी: महिनाभर त्याच्याकडं बघू नका. तरी काम चाललं का? ‘आपोआप’ या शब्दाची परीक्षा इथंच होते.

तीन सॉफ्टवेअर, तीन स्वभाव

पैसे न मोजता मिळणारी तीन घेते, कारण फेलोशिप कधी जमा होते ते आपल्याला माहीत आहे.

पहिलं विंडोजमधलंच फाइल हिस्ट्री. विंडोज 8 पासून आहे, विंडोज 11 मध्ये कंट्रोल पॅनेलमध्ये शोधावं लागतं. एक्सटर्नल हार्ड डिस्क लावून चालू केलं की ठरावीक वेळानं बदललेल्या फाइलींच्या प्रती ठेवतं. मुळात ही वेळ एक तासाची असते. जुन्या आवृत्त्याही राहतात. दुसऱ्या चाचणीत हे उत्तम. तिसऱ्या चाचणीतही चांगलं, कारण प्रती साध्या फाइली म्हणूनच असतात, नावापुढं तारीख-वेळ जोडलेली. कुठल्याही कॉम्प्युटरवर डिस्क लावा, फाइल उचला. उणीव एकच, पण आपल्याकडं मोठी: ते डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स अशी ठरावीक फोल्डरंच बघतं. आणि आपण फाइली कुठं ठेवतो? डी ड्राइव्हवर!

डी ड्राइव्हवर जरा थांबू या. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा दादा ‘फॉरमॅट मारला तर सी जाईल, डी राहील’ असं सांगून गेलेला असतो. म्हणून घराघरांत लग्नाचे फोटो, सातबारा, प्रबंध, सगळं डी वर. विंडोज पुन्हा टाकण्यापुरतं ते खरंय. पण सी आणि डी बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले. सी वरून डी वर कॉपी करणं म्हणजे एकाच कपाटाच्या दोन खणांत पैसे ठेवून चोराला फसवलं असं मानणं. त्यामुळं फाइल हिस्ट्री वापरायचं असेल तर डी वरचं फोल्डर आधी लायब्ररीत जोडा. नाहीतर बॅकअप रोज ‘यशस्वी’ होईल आणि प्रबंध त्यात नसेल.

दुसरं फ्रीफाइलसिंक. डावीकडं एक फोल्डर, उजवीकडं एक, मध्ये काय बदलणार त्याची यादी. काय होणार ते आधी दिसतं, ही याची खरी ताकद. नवशिक्याला यातून सिंक म्हणजे काय ते कळतं. पण ‘मिरर’ पद्धत निवडली तर मूळ फाइल उडवल्यावर प्रतही हटते, म्हणजे माझीच गोष्ट. आवृत्त्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवण्याची सोय आहे, ती आठवणीनं चालू करावी लागते. आणि आपोआप चालायला विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये वेळ लावावी लागते. पाचव्या चाचणीत याचे गुण तुमच्या शिस्तीवर अवलंबून.

तिसरं डुप्लिकाटी. हे फाइलींचे तुकडे करून, दाबून, कुलूप लावून साठवतं. हार्ड डिस्कवरही आणि क्लाउडवरही. पहिल्यांदा सगळं जातं, नंतर फक्त बदललेलं. जागा वाचते, गोपनीयता राहते. पण साठवलेलं फोल्डर उघडून बघाल तर तुमची एकही फाइल ओळखू येणार नाही. परत आणायला डुप्लिकाटीच लागतं आणि पासवर्ड लागतो. पासवर्ड विसरलात तर कुणीही ते उघडून देऊ शकत नाही. तेव्हा पासवर्ड कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा. हसू नका, खरंच ठेवा.

आपल्याकडचे प्रश्न, जे परीक्षणात येत नाहीत

एक, फॉन्ट. आपल्यातले कितीतरी जण प्रबंध डीटीपीवाल्याकडून श्री-लिपीत किंवा अशाच युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतात. ती फाइल जशीच्या तशी परत आली तरी दुसऱ्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसेल तर उघडल्यावर नुसता कचरा दिसतो. बॅकअप यशस्वी, प्रबंध नापास. म्हणून युनिकोडमध्येच लिहा, ते जमत नसेल तर प्रत्येक प्रकरणाची पीडीएफही सोबत ठेवा.

दोन, फाइलींची नावं. देवनागरीतलं एकेक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये 3 बाइट घेतं. लिनक्सवर एका नावाची मर्यादा साधारण 255 बाइट, म्हणजे 85 चिन्हं, आणि काना-मात्राही वेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात. ‘मुलाखत क्रमांक 7 कुंभारी दुपारची दुरुस्त केलेली अंतिम नवीन’ अशी नावं देताना हे लक्षात असू द्या.

तीन, नेट. 40 जीबी रेकॉर्डिंग वर चढवायचं आणि अपलोडचा वेग 10 एमबीपीएस असेल, तर वेग जराही कमी न होता सुमारे 9 तास लागतात. मध्ये लाइट गेली की राउटर बंद. त्यामुळं पहिली मोठी प्रत हार्ड डिस्कवर, मग हळूहळू क्लाउडवर, हा क्रम बरा.

चार, परवानगी. ज्या बाईनं विश्वासानं ठेकेदाराबद्दल बोललं, तिचा आवाज कुठल्या क्लाउडवर ठेवायचा हा निर्णय एकट्या आपला नाही. संमतीपत्रात ‘माहिती कुठं आणि कशी साठवली जाईल’ अशी ओळ हवी. मुलाखतींसाठी मी डुप्लिकाटीकडं वळले ते यामुळंच. आता हे मी मावशींना समजावून सांगते, आणि त्या लगेच विचारतात, “कुणी ऐकणार नाही ना?”

मग निकाल काय?

छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळं प्रसिद्ध झालेला 3-2-1 चा नियम अजून टिकून आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. ‘घराबाहेर’ कशाला, असं वाटत असेल तर 21 जून 2012 ची मंत्रालयाची आग आठवा. एकाच इमारतीत सगळं असलं की एका दुपारी किती फायली जातात ते महाराष्ट्रानं बघितलंय.

घरच्यांसाठी मी फाइल हिस्ट्री आणि एक एक्सटर्नल डिस्क सुचवेन, आणि डिस्क काम झाल्यावर काढून ठेवा असंही सांगेन. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय आला तेव्हा जगानं शिकलेला धडा हाच: खंडणीचा व्हायरस जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलींनाही कुलूप लावतो. पण डिस्क काढली की ‘आपोआप’ संपलं. सोय आणि सुरक्षितता यांतली ही ओढाताण कुठलंच सॉफ्टवेअर सोडवत नाही, आणि परीक्षणांनी हे स्पष्ट सांगायला हवं होतं. संशोधकानं त्यावर घराबाहेरची कुलूपबंद प्रत वाढवावी.

माझ्या या मूल्यमापनाच्या मर्यादाही सांगते, नाहीतर सर विचारतीलच. एकाच माणसाची गरज, विंडोजचाच विचार, फक्त मोफत सॉफ्टवेअर. तुमचा निकाल वेगळा येऊ शकतो. म्हणून निकाल उचलू नका, चाचण्या उचला.

मी आता दर महिन्याच्या एक तारखेला एक मुलाखत परत आणून ऐकते. सुरुवातीची दोन मिनिटं तरी. फाइल उघडली, आवाज आला, मगच वहीत बरोबरची खूण. त्या चौथ्या मावशींच्या नावापुढची जागा मात्र वहीत कोरीच आहे.

आज रात्री एवढंच करा: तुमच्या बॅकअपमधून एक फाइल, दुसऱ्या कॉम्प्युटरवर, परत आणा. नाही आली तर उद्या नाही, आजच कळलं हे चांगलंच झालं.

पुढच्या लेखात संमतीपत्र साध्या मराठीत कसं लिहायचं ते बघू.