फुटलेल्या भागीदारीची तबकडी

पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल हे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातले शाळासोबती. त्यांची गायनातील जोडी १९७० साली फुटली, आणि १९७२ साली कोलंबिया कंपनीने त्यांची १४ गीते 'सायमन अँड गारफंकल्स ग्रेटेस्ट हिट्स' या नावाने एका तबकडीवर आणली. आम्हां वकिलांस असा संग्रह भागीदारी मोडल्यावर केलेल्या जिंदगीच्या यादीसारखा भासतो. परंतु यादीत येणे मांडले की देणेही मांडावे लागते. ते येथे पुरतेपणी मांडलेले नाही.

'एल कोंडोर पासा' घ्या. पॅरिसमध्ये 'लोस इंकास' या वादकसंचाकडून ऐकलेली ही चाल सायमनला परंपरागत लोकधून वाटली. वस्तुतः ती पेरूचे संगीतकार दानिएल आलोमिया रोब्लेस यांची, १९१३ सालची. त्यांच्या पुत्राने दावा लावला. तो सलोख्याने मिटला. 'स्कारबरो फेअर' हे जुने इंग्रजी लोकगीत खरेच परंपरागत. पण त्याची गिटारवरची मांडणी सायमनने लंडनमध्ये मार्टिन कार्थीकडून उचलली, आणि त्याचे नाव दिले नाही. दोघांचे मनोमीलन होऊन ते गीत त्यांनी लंडनच्या रंगमंचावर एकत्र गायिले ते २००० साली! देवळातल्या भजनात अभंगकर्त्याची नाममुद्रा शेवटच्या चरणात गुंफलेली असते. गाणारा कोणीही असो, ती पुसता येत नाही. तबकडीवरील गीतास हे संरक्षण नाही.

'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' या गीताचे बीजही सायमनला 'स्वान सिल्व्हरटोन्स' या भक्तिगीते गाणाऱ्या मंडळाचे गायक क्लॉड जीटर यांच्या एका उद्गारात सापडले. येथे मात्र ऋणाचे सोने झाले आहे. गीत सायमनचे, आणि शेवटच्या कडव्यापर्यंत आवाज एकट्या गारफंकलचा. टाळ्या गाणाऱ्यास पडत असता लिहिणाऱ्याच्या मनात सल उठावा, हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे.

तरीही हा संग्रह आम्ही निव्वळ व्यापारी म्हणणार नाही. 'फॉर एमिली', 'होमवर्ड बाउंड', 'कॅथीज साँग' आणि 'द फिफ्टी-नाइन्थ स्ट्रीट ब्रिज साँग' या चार गीतांसाठी कंपनीने जुन्याच प्रती छापल्या नाहीत. श्रोत्यांसमोर गायिलेली, तोवर अप्रकाशित असलेली ध्वनिमुद्रणे दिली. तेथे गिटार आणि कंठ यांखेरीज काही नाही. 'फॉर एमिली'मध्ये गारफंकल स्वर उंच नेतो तेव्हा सभागृहातील शांतताही ऐकू येते. याउलट 'द साउंड ऑफ सायलेन्स'. १९६४ साली ते याच साधेपणाने मुद्रित झाले होते. १९६५ मध्ये निर्माता टॉम विल्सन याने दोघांना न विचारता त्यावर विजेची गिटार व ढोल चढविले, आणि त्याच रूपात ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. म्हणजे ज्या दस्तऐवजाने यांचे नाव झाले, त्यावर यांची सहीच नव्हती. संग्रहात आहे तेही तेच रूप.

'बुकएंड्स' हे चिमुकले गीत मूळ तबकडीत एका बाजूच्या आरंभी व अखेरीस येते, आणि मधल्या गीतांतून बालपण ते वार्धक्य असा प्रवास घडतो. येथे ते 'एल कोंडोर पासा' आणि 'सेसिलिया' यांच्यामध्ये अंग चोरून बसले आहे. 'सेसिलिया'च्या टाळ्या सुरू होतात, आणि त्या दोन वृद्ध मित्रांची आठवण ठेवायला कोणास सवड उरत नाही.