उंबरठा शिक्षणाचा की हक्काचा? एफडीआयवरचा एक गाजलेला पेपर चंद्रपूर-गडचिरोलीतून वाचताना

परकीय गुंतवणूक आणि तंत्रज्ञान या विषयावर सिनॉप्सिस लिहायला घेतलं की पहिल्या दोन-तीन पानांत एक संदर्भ हमखास येतो. एदुआर्दो बोरेन्स्टाइन, होसे दे ग्रेगोरिओ आणि जाँग-व्हा ली या तिघांचा, १९९८ साली 'जर्नल ऑफ इंटरनॅशनल इकॉनॉमिक्स'मध्ये आलेला शोधनिबंध. त्याचा निष्कर्ष बहुतेक जण एका ओळीत आटोपतात: परकीय थेट गुंतवणुकीमुळे तंत्रज्ञान येतं आणि वाढ होते, पण देशात शिक्षणाची किमान पातळी असेल तरच. ही ओळ पेपर न उघडताही लिहिता येते, आणि तिथेच घोळ होतो. म्हणून आज हा पेपर जरा सावकाश वाचू आणि मग चंद्रपूर-गडचिरोलीतून त्याला काही प्रश्न विचारू.

पेपर नेमकं काय करतो?

लेखकांनी ६९ विकसनशील देश घेतले. काळ १९७० ते १९८९, म्हणजे दोन दशकं. औद्योगिक देशांतून या देशांत आलेली थेट गुंतवणूक मोजली आणि दरडोई उत्पन्नवाढीशी तिचा संबंध तपासला. खरी मेख पुढे आहे. त्यांनी समीकरणात गुंतवणूक वेगळी ठेवलीच, शिवाय 'गुंतवणूक गुणिले शिक्षण' हे आणखी एक पद घातलं. शिक्षण म्हणजे पुरुषांच्या माध्यमिक शिक्षणाची सरासरी वर्षं. एकट्या गुंतवणुकीचा परिणाम डळमळीत निघाला, पण गुणाकाराचं पद ठामपणे धन आलं. याचा अर्थ असा की शिक्षण एका उंबरठ्याच्या वर असेल, तर परकीय भांडवल देशी भांडवलापेक्षा जास्त वाढ देतं. उंबरठ्याच्या खाली असेल तर तो फायदा दिसत नाही.

या पेपरचं श्रेय आधी देऊ. 'परकीय पैसा चांगला की वाईट' असा बाळबोध वाद चालू असताना त्यांनी 'कोणत्या अटीवर?' असं विचारलं. संशोधन शिकणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट उचलली तरी पुरे. माझा आक्षेप त्या प्रश्नावर नाही. देशांच्या सरासरीवर निघालेलं उत्तर जिल्ह्याच्या अभ्यासात जसंच्या तसं वापरलं जातं, त्यावर आहे.

'गुंतवणूक' हा आकडा कशाचा?

चंद्रपूर जिल्ह्यात परकीय गुंतवणुकीचं ठळक उदाहरण सिमेंटचं आहे. घुग्घुसजवळचा एसीसीचा चांदा सिमेंट कारखाना आणि कोरपना तालुक्यात उपरवाहीचा अंबुजाचा मराठा सिमेंट कारखाना. २००५ मध्ये स्वित्झर्लंडच्या होल्सिम कंपनीने अंबुजाच्या साथीने एसीसीत शिरकाव केला आणि २००६ मध्ये अंबुजाच्या प्रवर्तकांचा हिस्सा घेतला. दोन्ही कारखाने त्याआधीच उभे होते. भट्ट्या तिथेच, चुनखडीच्या खाणी तिथेच, कामगारही तेच. पैसे मुख्यतः शेअर विकणाऱ्यांकडे गेले. पण देशाच्या खात्यात ही थेट परकीय गुंतवणूकच, कारण आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार मतदानाचा दहा टक्के हिस्सा परक्या मालकाकडे गेला की ती 'थेट' ठरते.

नवा कारखाना उभा करणं आणि चालता कारखाना विकत घेणं या दोन फार वेगळ्या घटना आहेत. देशपातळीच्या आकड्यात त्या एकाच रकान्यात पडतात.

पुढचा भाग आणखी मजेशीर आहे. २०२२ मध्ये होल्सिमने भारतातला सिमेंट व्यवसाय अदानी समूहाला विकला. विकली गेली ती होल्डरइंड ही मॉरिशसची कंपनी, जी अंबुजाची मुख्य भागधारक होती. म्हणजे भागधारकांच्या यादीत मॉरिशसचं नाव तसंच राहिलं आणि मागचा मालक बदलला. आता कोरपन्यातला हा कारखाना 'परकीय' की 'देशी'? पत्ता पाहिला तर एक उत्तर मिळतं, नियंत्रण पाहिलं तर दुसरं. मॉरिशस हा भारतात येणाऱ्या गुंतवणुकीचा कित्येक वर्षं आघाडीचा स्रोत राहिलाय, म्हणून हे एखाद-दुसऱ्या उदाहरणापुरतं नाही. १९७०-८९ च्या आकड्यांवर काम करणाऱ्या लेखकांपुढे हा गुंता या प्रमाणात नव्हता. आज तेच समीकरण वापरणाऱ्याला मात्र तो सोडवावाच लागेल.

गडचिरोलीत तर 'परकीय' या शब्दाने फारसं काही हातीच लागत नाही. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखनिजाचा ३४८ हेक्टरचा भाडेपट्टा २००७ मध्ये लॉइड्स मेटल्सला मिळाला. वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांपर्यंत उत्खनन वाढवायला २०२३ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. कंपनी देशी आहे. जानेवारी २०२५ मध्ये गडचिरोलीसाठी सुमारे ५,२०० कोटींचा सामंजस्य करार झाला तो दावोसमध्ये, पण कोणाशी? पुण्याच्या कल्याणी समूहाशी. जागा परदेशातली, कंपनी आपली, आणि करार म्हणजे अजून गुंतवणूकही नव्हे. सामंजस्य करार, सरकारी मंजुरी आणि प्रत्यक्ष आलेला पैसा हे तीन आकडे वेगवेगळे असतात. तुमच्या तक्त्यात त्यांतला कोणता आहे, हे तक्त्याखाली लिहा. परीक्षक पहिला बोट तिथेच ठेवतात.

तंत्रज्ञान कुठल्या वाटेने आलं?

पेपरचा गाभा असा की परकीय कंपनीबरोबर तंत्रज्ञान येतं. सिमेंटमध्ये हे तपासून पाहण्यासारखं आहे. आधुनिक भट्टी, प्री-हीटर, चक्की ही यंत्रं जगातल्या मोजक्या कंपन्या बनवतात. डेन्मार्कची एफएलस्मिथ ही त्यांतली एक होती. पैसे असतील तर ही यंत्रं देशी कंपनीही मागवू शकते. म्हणजे तंत्रज्ञान मालकीच्या वाटेने यायलाच हवं असं नाही, ते व्यापाराच्या वाटेनेही येतं. डेव्हिड को, एल्हानन हेल्पमन आणि अलेक्झांडर हॉफमेस्टर यांनी १९९७ मध्ये ७७ विकसनशील देशांच्या आकड्यांवरून हेच दाखवलं: औद्योगिक देशांतल्या संशोधनाचा लाभ विकसनशील देशांना यंत्रांच्या आयातीतून मिळतो. मग समीकरणात आयात न धरता केवळ गुंतवणूक धरली, तर आयातीचं श्रेय गुंतवणुकीच्या खात्यात जमा होण्याचा धोका राहतो.

दुसरं उदाहरण राखेचं. पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश घालता येते. त्यामुळे तेवढं क्लिंकर कमी जाळावं लागतं आणि खर्च व कार्बन दोन्ही वाचतात. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं, त्यामुळे राखेला तोटा नाही. समजा, तुमच्या डेटात २००५ नंतर राखेचा वापर वाढलेला दिसला. तुम्ही लगेच लिहाल की होल्सिमचं व्यवस्थापन आलं आणि तंत्र सुधारलं. पण थांबा. केंद्र सरकारची राखेच्या वापराबाबतची अधिसूचना १९९९ ची आहे. तिने औष्णिक केंद्रांना सुरुवातीची दहा वर्षं राख मोफत द्यायला लावलं होतं. मग वाढ मालकामुळे झाली की नियमामुळे?

हे सोडवायला लांब जायची गरज नाही. कोरपना तालुक्यातच आवारपूरला अल्ट्राटेकचा आणि गडचांदूरला माणिकगडचा कारखाना आहे. चुनखडीचा पट्टा तोच, राख तीच, नियम तेच, पण त्या काळात मालक देशी. राखेचं प्रमाण किंवा टनामागे लागणारी वीज चारही ठिकाणी सारखीच सुधारली असेल, तर श्रेय मालकाला देता येत नाही. होल्सिमच्या दोन ठिकाणी जास्त सुधारली असेल, तर निदान बोलायला जागा आहे. ६९ देशांच्या रिग्रेशनपेक्षा हे चार कारखाने तुम्हाला जास्त शिकवतील.

फायदा शेजाऱ्याला मिळतो का?

देशांच्या सरासरीवर असमाधानी असलेले संशोधक पुढे कारखान्यांच्या पातळीवर गेले. ब्रायन एटकेन आणि ॲन हॅरिसन यांनी १९९९ मध्ये व्हेनेझुएलाचे कारखाने तपासले. परकीय हिस्सा आलेल्या छोट्या कारखान्यांची उत्पादकता वाढली, पण त्याच उद्योगातल्या देशी कारखान्यांची घटली, कारण त्यांचं गिऱ्हाईक तुटलं. बिआटा यावोर्चिक यांनी २००४ मध्ये लिथुआनियाबद्दल वेगळं चित्र मांडलं. त्यांच्या मते लाभ स्पर्धकांना होत नाही, परकीय कंपनीला माल पुरवणाऱ्यांना होतो, आणि तोही देशी-परदेशी भागीदारीतल्या कंपन्यांच्या बाबतीत.

म्हणजे आपल्याकडे विचारायचा प्रश्न सरळ आहे: पुरवठादार कोण? सिमेंट कारखान्याची चुनखडी त्याच्या स्वतःच्या खाणीतली. जिल्ह्यातला कोळसा मुख्यतः सरकारी वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या हातात. स्थानिकांच्या वाट्याला उरतं ते ट्रक आणि कंत्राटी मजुरी. शिकण्यासारखं तंत्र त्यातून किती झिरपणार?

आता उंबरठ्याकडे येऊ

स्थानिक पुरवठा सर्वांत जास्त होता तो बांबूचा, बल्लारपूरच्या कागद कारखान्याला. ही बल्लारपूर इंडस्ट्रीज स्वतः २००७ मध्ये मलेशियातली सबा फॉरेस्ट इंडस्ट्रीज विकत घेऊन तिथली 'परकीय गुंतवणूकदार' झाली होती. म्हणजे जंगल, भांडवल आणि जागतिक व्यापार यांची गाठ इथे जुनीच आहे. पण बांबू तोडणारी गावं या साखळीत पुरवठादार नव्हती. बांबू वनखात्याचा, कारखान्याचा करार सरकारशी, आणि गावाच्या वाट्याला तोडणीची मजुरी.

हे बदललं ते कशाने? नव्या यंत्राने नाही, परदेशी पैशानेही नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी वाहतूक परवान्याचं अडलंच. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेकडे दिलं. त्यानंतर विक्री आणि मजुरीचे दर ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. गावाची माध्यमिक शिक्षणाची सरासरी त्या एका महिन्यात तसूभरही बदलली नव्हती.

म्हणूनच मला वाटतं, या पेपरचा उंबरठा आपल्या भागात अपुरा आहे. तंत्र आत्मसात करायला शिक्षण लागतं हे खरं. पण लाभ कोणाच्या पदरी पडणार हे वाटाघाटीला बसण्याच्या हक्कावर ठरतं, आणि समीकरणात त्याला जागा नाही. शिवाय शिक्षण मोजलंय तेही फक्त पुरुषांचं, फक्त शाळेतलं. मेंढ्यात गावकऱ्यांचे अभ्यासगट १९८० च्या दशकापासून चालत आले. कायदा वाचणं, जंगलाची मोजदाद करणं, त्यावर चर्चा करून सर्वसहमतीने निर्णय घेणं हे सगळं तिथे शिकलं गेलं. 'माध्यमिक शिक्षणाची वर्षं' या रकान्यात त्यातलं काहीच उतरत नाही.

उलट बाजूने

लेखक यावर काय म्हणतील? ते म्हणतील, आम्ही देशांच्या वाढीबद्दल बोलत होतो, गावातल्या वाटणीबद्दल नाही. बरोबर आहे. चूक त्यांचा निष्कर्ष जिल्ह्यावर चिकटवणाऱ्याची आहे. दुसरा आक्षेप माझ्या उदाहरणावर येईल, आणि तो जास्त टोकदार आहे: मेंढा हे आधीपासून संघटित गाव होतं. तिथलं यश कायद्याचं की संघटनेचं, हे एका गावावरून सांगता येत नाही. हाही आक्षेप मान्य.

पण त्यातूनच अभ्यासाची वाट निघते. गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून जास्त ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळालेत, आणि तेही वेगवेगळ्या वर्षी. हक्क मिळण्याआधी आणि नंतर बांबू-तेंदूचा दर, मजुरी आणि खरेदीदारांची संख्या यांत काय फरक पडला, हे आधी हक्क मिळालेल्या आणि उशिरा मिळालेल्या गावांत तुलना करून पाहता येईल. मात्र संघटित गावांनी दावे लवकर केले असणार, तेव्हा हक्काची तारीख ही चिठ्ठी टाकून ठरलेली नाही. हे सिनॉप्सिसमध्ये आधीच लिहा, म्हणजे व्हायवात कोणी विचारायच्या आत तुमचं उत्तर तयार असेल.

हा नुसता पद्धतीचा वाद नाही. सुरजागडचं खनिज आणि त्याभोवती येऊ घातलेले पोलाद कारखाने यांवर पुढच्या काही वर्षांत बरेच प्रबंध लिहिले जातील, त्यातले काही गोंडवाना विद्यापीठातूनच. आपण फक्त 'किती कोटी आले आणि किती मुलं आयटीआय झाली' एवढंच मोजलं, तर अहवालात तेवढंच दिसेल. एटापल्लीच्या ग्रामसभेला नाही म्हणता आलं का, अटी घालता आल्या का, दर ठरवता आला का, हे कुठल्याच रकान्यात नसेल. बोरेन्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी 'कोणत्या अटीवर?' असं विचारायला शिकवलं. आता त्या अटीचा रकाना आपल्या भागासाठी आपल्यालाच आखावा लागेल.