मराठी ई-पुस्तकांची किंमत : वाचक, विक्रेता आणि प्रकाशक

प्रस्तावना :
व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'ने माणदेशाला मराठी साहित्यात स्थान मिळवून दिले. त्याच माणदेशातील म्हसवडसारख्या गावच्या वाचकाला ई-पुस्तकामुळे शहरातील दुकानाचे अंतर उरले नाही, असे म्हटले जाते. अंतर मिटले हे खरे. परंतु किंमत कोणी ठरवावी आणि त्या किमतीत वाचकाला नेमके काय मिळावे, हे प्रश्न शिल्लकच राहतात.

विवेचन :
घाऊक पद्धतीत अंतिम किंमत विक्रेता ठरवतो. अभिकर्ता पद्धतीत ती प्रकाशक ठरवतो व विक्रेत्यास कमिशन मिळते. २०१० मध्ये अमेरिकेतील पाच प्रकाशकांनी अ‍ॅपलसह दुसरी पद्धत स्वीकारली. २०१३ मध्ये न्यायालयाने अ‍ॅपलचे वर्तन स्पर्धाविरोधी ठरवले. विक्रेत्याची मक्तेदारी व प्रकाशकांचे संगनमत, दोन्हींची झळ वाचकालाच पोचते, हा त्याचा बोध.

मराठीत चित्र वेगळे आहे. ई-साहित्य प्रतिष्ठानने विनामूल्य वितरणाचा मार्ग निवडला, तर बुकगंगाने विक्रीचा. २०१६ च्या अखेरीस किंडलवर मराठी पुस्तके उपलब्ध झाली. विनामूल्य वितरणाने वाचक वाढतो, पण लेखकाचे मानधन व संपादनाचा खर्च कोणी सोसावा, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. कागद व छपाई वगळली तरी संपादन, मुद्रितशोधन आणि अक्षरजुळणी यांचा खर्च उरतोच. शिवाय २०१७ मध्ये छापील पुस्तक वस्तू व सेवा करातून मुक्त असताना ई-पुस्तकावर १८ टक्के कर होता. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांपुरता तो २०१८ मध्ये ५ टक्क्यांवर आला.

तथापि 'ई-पुस्तक स्वस्त' हे विधान अपुरे वाटते. छापील प्रत घरातील चौघे वाचतात, ती शेजारी जाते, रद्दीच्या दुकानातूनही पुन्हा वाचकाकडे येते. ई-पुस्तकाच्या खरेदीत मात्र बहुधा प्रत नव्हे, केवळ वाचनाचा परवाना मिळतो. निम्म्या किमतीत निम्म्याहून कमी हक्क मिळत असतील, तर तो व्यवहार स्वस्त म्हणता येणार नाही. सर्वाधिक हानी होते ती ग्रामीण ग्रंथालयाची. कारण एका प्रतीवर अनेकांची भूक भागवणे हाच त्याचा आधार आहे.

निष्कर्ष :
किमतीचा विचार हक्कांपासून वेगळा करता येत नाही. प्रकाशकांनी सार्वजनिक ग्रंथालयांसाठी परवडणारा, देवघेवीस मुभा देणारा परवाना सिद्ध केल्यास लेखकाचे मानधन व ग्रामीण वाचकाचे हित, दोन्ही साधतील. अन्यथा पुस्तक म्हसवडपर्यंत पोचेल, पण तेथे एका हातातून दुसऱ्या हाती जाणार नाही.