गळा कोणाचा?

दिवाळी पहाटेच्या मैफलीत एखादी नवखी मुलगी आशा भोसले यांचे जुने गाणे म्हणते, तेव्हा ती आशाबाईंची प्रत्येक हरकत गिरवीत असते. त्याला कोणी चोरी म्हणत नाही. आमच्याकडे विद्याच मुळी गुरूच्या गळ्यावरून उतरते. पण ती हरकत घेताना दम लागतो तो त्या मुलीला; आणि चार-दोन वर्षांत तिच्या स्वतःच्या गळ्याचा रंग गाण्यात उतरतो. अनुकरणातून गायिका घडते.

आता यंत्र गाऊ लागले आहे. ध्वनिमुद्रणे ऐकवून त्याला गळा शिकवावा आणि कोणीही गायिलेले गाणे आशाबाईंच्या आवाजात काढून घ्यावे! शाळेत वह्या तपासताना उत्तर उतरविलेले आढळते, पण निदान अक्षर ज्याचे त्याचे असते. येथे अक्षरच चोरीला गेले आहे.

१९५७ चा आपला कॉपीराइट कायदा शब्दांना, चालीला आणि ध्वनिमुद्रणाला संरक्षण देतो. १९९४ च्या दुरुस्तीने गायकाला आपल्या गायनावर हक्क मिळाला. त्या गायनाची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा हक्क २०१२ साली मिळाला. परंतु हे सारे गायिलेल्या गाण्याविषयी. कधी न गायिलेले गाणे कोणी आपल्या आवाजात वाजविले, तर? त्याचे स्पष्ट उत्तर या कायद्यात नाही. म्हणूनच २०२५ च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयात आशाबाईंना व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचा आधार घ्यावा लागला. प्रसिद्ध व्यक्तीचा आवाज परवानगीवाचून काढून देणारी साधने पुरविणे हा त्या हक्काचा भंग होय, असे न्यायालयाने अंतरिम आदेशात म्हटले. २०२४ साली अरिजित सिंग यांनाही तेथेच असा दिलासा मिळाला होता.

आदेश योग्यच, तरी मन निवत नाही. हा हक्क कीर्तीच्या पायावर उभा आहे. आमच्या उस्मानपुऱ्यात संत एकनाथांच्या नावाचे रंगमंदिर आहे. नाथांची भारुडे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात सांभाळली, त्यांतल्या बहुतेकांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. उद्या अशा एखाद्या भारुडकऱ्याचा गळा यंत्राने उचलला, तर त्याने कोणत्या कीर्तीचा दाखला न्यायालयापुढे ठेवावा?

आवाज ही प्रसिद्धीची मिळकत नव्हे. ती माणसाच्या देहाची खूण आहे. ज्याचा गळा, त्याची परवानगी, मग तो कितीही अनामिक असो, एवढे एक वाक्य कायद्यात स्वच्छ लिहिले गेले पाहिजे.