चलनाचे कोड आणि जावा ६ चा स्विच

जावाच्या सहाव्या आवृत्तीत स्विचला मजकूर चालत नसे. इंट द्या, एखादं अक्षर द्या, नाहीतर इनम द्या. ‘आयएनआर’, ‘जेपीवाय’, ‘केडब्ल्यूडी’ असे चलनांचे तीन अक्षरी कोड दिले की कंपायलर तिथेच अडवायचा. मग रकमेत दशांशाची किती स्थळं ठेवायची एवढं ठरवायलाही इफ-एल्सची लांबच लांब माळ लागे आणि तिच्या मण्यामण्यात इक्वल्स. घाईत कुणी त्याऐवजी बरोबरची दोन चिन्हं लिहिली, तर तुलना अक्षरांची न होता मेमरीतल्या ऑब्जेक्टची होई. प्रोग्रॅममध्येच लिहिलेल्या मजकुरावर चाचणी पास व्हायची आणि फाइलमधून वाचलेल्या त्याच अक्षरांवर फसायची.

या अडचणीवरचा मला सर्वांत देखणा वाटणारा तोडगा म्हणजे इनम. २००४ मध्ये जावा ५ सोबत तो आलेलाच होता. प्रत्येक कोड हा एक कॉन्स्टंट, बाहेरून आलेला मजकूर व्हॅल्यूऑफला द्यायचा आणि हाती येईल त्यावर खुशाल स्विच करायचा. (कोड आकड्याने सुरू होत असेल तर त्या नावाचा कॉन्स्टंट करता येत नाही, आत वेगळं फील्ड ठेवावं लागतं. चलनांत ती अडचण नाही.) व्हॅल्यूऑफची ती एक ओळ नीट पाहावी. प्रोग्रॅमभर विखुरलेली शंका तिथे एकदाच विचारली जाते. एखादं अक्षर चुकलं, मागे एक स्पेस राहिली, तरी ती एक्सेप्शन फेकते, अंदाजाने पुढे जात नाही. त्या ओळीपलीकडे मजकूर उरतच नाही, उरतात फक्त ओळखीची चलनं.

खरी बहार पुढच्या पायरीवर आहे. येनला शून्य, रुपयाला दोन, कुवेती दिनारला तीन दशांश स्थळं. हा आकडा कॉन्स्टंटच्या कंसातच लिहिला की स्विच गळूनच पडतो. ज्याच्यासाठी एवढी खटपट, त्याचीच गरज संपते!

२०११ मध्ये जावा ७ आला आणि स्विचला मजकूर चालू लागला. त्यामागची कंपायलरची युक्तीही दाद देण्याजोगी आहे: आधी हॅशकोडवरून उडी, मग इक्वल्सने खातरजमा. ती हवीच, कारण ‘कॅपिटल ए, स्मॉल ए’ आणि ‘कॅपिटल बी, कॅपिटल बी’ या दोन्ही जोड्यांचा हॅशकोड २११२ येतो. तरीही चलनांसाठी मी इनमच निवडेन. मजकुराच्या केसमध्ये चुकून ‘केडीडब्ल्यू’ टाइप झालं, तर कंपायलर ते मुकाट्याने घेतो आणि दिनारची रक्कम डिफॉल्टमध्ये जाऊन पडते. इनमवरच्या स्विचमध्ये ती चूक कंपाइलच होत नाही.