प्रकारांची यादी आणि वर्गातले मूल
समावेशित शिक्षणाच्या प्रशिक्षणाची चिकित्सा : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तोवर बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या रांगांमधली कितीतरी गावे अर्धीमुर्धी रिकामी झालेली असतील. मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक-ट्रॅक्टरांत संसार भरून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. गाळप संपले की उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. माणसांची मोजदाद हत्याराने करणारी ही भाषा आपल्या आता अंगवळणी पडली आहे. धडधाकट मूल कोयत्याबरोबर जाते, कोपीवर धाकट्याला सांभाळते. नाहीतर गावातल्या हंगामी वसतिगृहाच्या आधाराने आजी-आजोबांपाशी राहते. पण जे मूल चालू शकत नाही, ज्याला ऐकू येत नाही, ज्याला दर काही दिवसांनी फेफरे येते, त्याचे काय करायचे हा प्रश्न त्या घराला प्रत्येक दिवाळीला नव्याने सोडवावा लागतो. शाळेचा भरवसा असेल तर मूल मागे राहू शकते. तो नसेल तर मूल फडावर जाते किंवा घरात कोंडले जाते.

हा भरवसा कशाने निर्माण होतो? शासनाचे उत्तर आहे : शिक्षकांच्या प्रशिक्षणाने. उत्तर चुकीचे नाही. मात्र त्या प्रशिक्षणाची भाषा कोणती, ते कुणासाठी आहे आणि मुलापर्यंत त्यातले काय पोचते, याची चिकित्सा आपल्याकडे फारशी होत नाही. प्रशिक्षण हा प्रशासनाचा विषय मानला जातो. साहित्याच्या वाचकाने त्यात का डोकवावे, असेही कुणी विचारील. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की हा मुख्यतः भाषेचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो आपलाही आहे.

कायद्याने काय मागितले

अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत शिकवण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. केंद्र सरकारची एकात्म शिक्षणाची योजना १९७४ सालची आहे. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्याने त्याला कायद्याचा आधार दिला. २००९चा शिक्षणहक्क कायदा आणि त्यातली २०१२ची दुरुस्ती यांमुळे ही मुले वंचित गटात स्पष्टपणे आली, आणि तीव्र अपंगत्व असलेल्यांना घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने यापुढचे पाऊल टाकले. भारताने २००७ साली मान्यता दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्याशी सुसंगत असा हा कायदा एप्रिल २०१७पासून लागू आहे.

या कायद्याचे सतरावे कलम आपल्या विषयाचा गाभा आहे. ब्रेल आणि सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमावेत, तसेच समावेशित शिक्षणाला साहाय्य करण्यासाठी व्यावसायिक आणि कर्मचारी प्रशिक्षित करावेत, असे त्यात म्हटले आहे. ‘कर्मचारी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. शाळा म्हणजे केवळ गुरुजी नव्हेत, हे कायद्याला ठाऊक आहे. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, शिपाई असलाच तर शिपाई, शेजारच्या अंगणवाडीतल्या सेविका, वसतिगृह सांभाळणारी माणसे या सगळ्यांच्या हातून मुलाचा दिवस जातो. प्रत्यक्षात मात्र प्रशिक्षणाचे निमंत्रण जवळजवळ नेहमी शिक्षकांपुरतेच असते.

शिक्षक प्रशिक्षित होत नाहीत असेही म्हणता येत नाही. २०१५पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले, तेव्हा समावेशक शाळेवरचा अभ्यासविषय त्यात आला. २०१९मध्ये ‘निष्ठा’ हा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला, त्यातही हा घटक आहे. बीडपुरते बोलायचे तर अंबाजोगाईची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, तालुक्यांची गटसाधन केंद्रे आणि केंद्रपातळीवरच्या शिक्षण परिषदा अशी एक उतरंड हे काम करण्यासाठी उभी आहे. उणीव आहे ती या उतरंडीतून खाली झिरपणाऱ्या मजकुरात.

यादीची भाषा

१९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात एकवीस आहेत. हक्क आणि सवलती यांच्या दृष्टीने हा विस्तार आवश्यक होता. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, सिकलसेल यांनी ग्रासलेल्या माणसांना त्यामुळे या यादीत जागा मिळाली. पण कायद्याची यादी हाच प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम झाला, तेव्हा घोटाळा झाला. दिवसभराच्या सत्रात एकवीस प्रकार, प्रत्येकाची व्याख्या, लक्षणे आणि टक्केवारी. त्यात कंपवातही येतो, कारण तो कायद्याच्या यादीत आहे. दुसरीच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाईंना त्याचा उपयोग काय, हे कुणी विचारत नाही. उलट फेफऱ्याचे नाव त्या यादीत नाही. वास्तविक मेंदूशी संबंधित अपंगत्व असलेल्या अनेक मुलांना फेफरे येते, आणि शाळेतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला त्या दोन-चार मिनिटांत काय करावे हे माहीत असणे गरजेचे असते. मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, आवरून धरू नये, वेळ मोजावी, झटका पाच मिनिटांपुढे गेला तर दवाखाना गाठावा. हे सांगायला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास नसल्यामुळे कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा उपाय अजून जिवंत आहे.

यादीच्या भाषेचा दुसरा परिणाम शब्दांवर होतो. अपंग, विकलांग, मग ‘विशेष गरजा असलेली बालके’, आणि डिसेंबर २०१५मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून सुचवल्यानंतर ‘दिव्यांग’, असा हा प्रवास आहे. प्रत्येक शब्दामागे सदिच्छा होती, आणि तुच्छतेचे शब्द मागे पडावेत ही अपेक्षाही योग्यच होती. तरी सभागृहात ‘दिव्यांग’ म्हणायला शिकलेली व्यक्ती गावात परतल्यावर मुलाला त्याच्या व्यंगावरूनच हाक मारताना ऐकू येते. हा ढोंगीपणा असतोच असे नाही. तिला शब्द दिला गेला, त्या शब्दाने जगायची रीत दिली गेली नाही. मुलाला त्याच्या नावाने हाक मारणे हा सगळ्यात सोपा उपाय कुठल्याच परिपत्रकात मावत नाही, कारण परिपत्रकाला नावे नसतात, प्रकार असतात.

प्रमाणपत्राचे वजन

प्रकार ठरला की टक्केवारी येते आणि टक्केवारी आली की प्रमाणपत्र. चाळीस टक्क्यांची रेषा ओलांडली तर सवलती, अलीकडे राहिले तर काही नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरासाठी हे प्रमाणपत्र मिळवणे म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीच्या दिवशी हजर असणे, रोज बुडवणे आणि पुन्हा हेलपाटा घालणे. तपासणीची तारीख गाळप हंगामात आली तर तो विषयच संपला. प्रमाणपत्र नाही म्हणून मूल नोंदीत नाही, नोंदीत नाही म्हणून त्याच्यासाठी साहित्य नाही, विशेष शिक्षकाची भेट नाही.

याच जिल्ह्यात या कागदाची दुसरी बाजूही दिसली. बदल्यांमध्ये प्राधान्य मिळावे म्हणून सादर झालेल्या दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रांची फेरतपासणी झाली आणि २०२३मध्ये बीड जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शिक्षकांवर निलंबनाची कारवाई झाली. त्यांतले कोण दोषी आणि कोण निर्दोष हा या लेखाचा विषय नाही. फेरतपासणीत खऱ्या अपंग शिक्षकांनाही संशयाच्या नजरा सोसाव्या लागतात, हे विसरता कामा नये. पण या प्रसंगाकडे चिकित्सकाने पाहिले पाहिजे. ज्या व्यवस्थेत अपंगत्व मुख्यतः प्रमाणपत्राच्या रूपाने ओळखले जाते, तिथे ते मोठ्यांना सोयीचे गाव मिळवून देणारा कागद बनू शकते, आणि त्याच वेळी एखाद्या मुलाला वर्गात जागा मिळू न देणारा अडसरही बनते.

आपल्या साहित्यात वर्ग कुठे आहे?

व्यवस्थेला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. आपण वाचकांनीही स्वतःकडे पाहायला हवे. अपंगत्वाविषयीच्या ज्या मराठी कलाकृती सुशिक्षित मनात घर करून आहेत, त्या आठवून पाहाव्यात. जयवंत दळवी यांचे ‘नातीगोती’ घरात घडते : मतिमंद मुलगा आणि त्याच्याभोवती पिळवटून निघालेले आई-वडील. ‘चौकट राजा’ हा १९९१चा चित्रपट करुणेची आणि जुन्या मैत्रीची गोष्ट सांगतो. नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन जिद्दीचे आणि संस्था उभारण्याचे आहे. माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा, २००४चा ‘श्वास’ तर दवाखान्यातच उलगडतो. दृष्टी जाण्याआधी नातवाला जग दाखवणारे आजोबा आपण विसरू शकत नाही. परशा कोकणातल्या आपल्या गावी परततो आणि चित्रपट संपतो. चित्रपटाचा तो दोष नव्हे. पण त्यानंतर आपण कधी विचारले का, की परशा शाळेत कधी गेला? फळ्यावरचे त्याला कुणी वाचून दाखवले?

घर, दवाखाना, संस्था ही आपल्या सहानुभूतीची ठिकाणे आहेत. साधी, दोनशिक्षकी, कौलारू किंवा पत्र्याची शाळा त्यांत ठळकपणे येत नाही. म्हणून आपल्या कल्पनेतला चांगला शिक्षक अपंग मुलाची कणव करणारा असतो, त्याच्यासाठी गणिताचा तास बदलून घेणारा नसतो. प्रशिक्षणाच्या सत्रातही हीच कणव पाझरते. सुरुवातीला डोळे ओलावणारी चित्रफीत दाखवायची, मग व्याख्या सांगायच्या. टाळ्या आणि चहा होतो. मुलाची जागा मात्र तीच राहते, शेवटच्या ओळीत, दाराजवळ.

स्वयंपाकघरातले प्रशिक्षण

याला उत्तर देणारे एक पुस्तक मराठी शिक्षकांच्या घराघरात आहे. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ १९८१ साली जपानीत आले. चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादातून ते मराठीत पोचले. १९४५च्या बॉम्बवर्षावात जळून गेलेल्या तोमोई शाळेची ही आठवण आपण ‘मुक्त शाळेची सुंदर गोष्ट’ म्हणून वाचतो. त्यातला कर्मचारी-प्रशिक्षणाचा धडा मात्र आपल्या नजरेतून निसटतो.

ताकाहाशी या मुलाची वाढ खुंटलेली आहे. माणसाला पूर्वी शेपूट होते, असे सांगताना वर्गाच्या बाई त्याला गमतीने विचारतात, की तुला शेपूट आहे ना? त्यांच्या मनात दुष्टावा नसतो. त्याच दिवशी मुख्याध्यापक कोबायाशी त्या बाईंशी बोलतात. ते कमालीचे चिडलेले आहेत. या मुलाला न्यूनगंड येऊ नये म्हणून आपण किती जपतो आणि त्या एका वाक्याने काय केले, हे ते त्यांना ऐकवतात. हे बोलणे शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर होत नाही, स्वयंपाकघरात होते. तोत्तोचानच्या ते योगायोगाने कानांवर पडते.

प्रशिक्षणशास्त्राच्या कसोटीवर हा प्रसंग लावून पाहावा. त्यात एक मूल आहे, त्याला नाव आहे. चूक ताजी आहे. शिकवणारा माणूस त्याच शाळेतला आहे आणि उद्याही तिथेच असणार आहे. शिकणाऱ्या बाईंचा चारचौघांत अपमान होत नाही, पण त्यांना सूटही मिळत नाही. आणि हाच मुख्याध्यापक क्रीडादिनाचे खेळ असे बेततो, की बुटक्या बांध्याचा ताकाहाशी त्यांत पहिला येतो. तो कुणाला हरायला सांगत नाही, खेळाची रचनाच बदलतो. कणव आणि समावेश यांतले अंतर याहून नेमके दाखवणारे उदाहरण मला ठाऊक नाही.

बीडमध्ये हे शक्य आहे का?

आक्षेप उघड आहेत. तोमोई मूठभर मुलांची खासगी शाळा होती. शिक्षणहक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. दोघांत पाच इयत्ता, वर जनगणना, निवडणूक, माहितीचे रकाने. अशा शिक्षकाला ‘संवेदनशील व्हा’ असे सांगणे हा जवळजवळ अपमान आहे. विशेष शिक्षकांची वानवा आहेच. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली प्राथमिक स्तरावर दहा आणि पुढच्या स्तरांवर पंधरा अपंग मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण घालून दिले. महाराष्ट्राने २०२४मध्ये केंद्रपातळीवर ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. ही पदे भरली तरी एका शिक्षकाकडे दहाहून अधिक शाळा येतील, म्हणजे रोजचे काम शाळेतल्याच माणसांना करावे लागणार.

नेमके याच कारणासाठी प्रशिक्षण शाळेत आणि मुलापासून सुरू व्हायला हवे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत दर महिन्याला एकवीस प्रकारांऐवजी एका शाळेतले एक मूल घ्यावे. अल्पदृष्टी असेल तर बसायची जागा, जाड रेघांची वही आणि फळ्यावर लिहिताना मोठ्याने बोलायची सवय. ऐकू कमी येत असेल तर फळ्याकडे तोंड करून न बोलणे. मेंदूच्या पक्षाघाताने हातपाय ताठरलेले असतील तर जेवताना कसे बसवायचे, हे आधी स्वयंपाक करणाऱ्या ताईंना कळले पाहिजे. म्हणून त्या दिवशी त्याही सभेत असाव्यात, मानधन न कापता. स्वच्छतागृहात मुलीला कोण नेणार, हे लाजून टाळण्याऐवजी ठरवून ठेवावे. यांतल्या कशालाही प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही.

आणि बीडचे म्हणून एक जास्तीचे. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी ‘शिक्षण हमी कार्ड’ देण्याची पद्धत राज्यात आहे. मूल कोणत्या इयत्तेत, काय शिकले, एवढे ते पुढच्या शाळेला सांगते. अपंग मुलाच्या कार्डावर चार ओळी जास्तीच्या हव्यात : त्याला काय जमते, कशाने ते घाबरते, पाणी कसे मागते, झटका आला तर काय करावे. कारखान्याच्या परिसरातल्या अनोळखी शिक्षकाला एकवीस व्याख्यांपेक्षा या चार ओळी अधिक शिकवतील.

त्या ओळी लिहिणार कोण? ज्ञान आधीच गावात आहे. ते मुलाच्या आईपाशी आहे, आणि प्रशिक्षणाच्या उतरंडीत तिला अजून जागा नाही. टोळी निघण्याच्या आदल्या दिवशी तिला अर्धा तास शाळेत बोलवावे. गुरुजी, बाई, स्वयंपाकाच्या ताई आणि मुलाला सांभाळणारी आजी यांनी समोर बसून ऐकावे. ती सांगेल ते वहीत उतरवावे. मग ट्रक सुटताना ती मुलाला मागे ठेवायचे की बरोबर न्यायचे, हे निदान भीतीपोटी ठरवणार नाही.